गुन्हा एकाचा, भुर्दंड साऱ्या शाळेला

कोणत्याही शिक्षणसंस्थेच्या वार्षिक साधारण सभेत जमाखर्चाचे पत्रक वाटले जाते. सभासद वीजबिलावर, रंगरंगोटीवर, स्नेहसंमेलनाच्या मंडपावर बारकाईने प्रश्न विचारतात, आणि ते विचारलेच पाहिजेत. पण जेथे 'कायदेशीर खर्च' असे लिहिलेले असते, त्या ओळीपाशी सहसा कोणी थांबत नाही. वकिलाची फी ही डॉक्टरच्या फीसारखीच, प्रसंग आला की द्यावीच लागते, असा आपला समज असतो. या अंकात आम्ही त्याच ओळीविषयी लिहिणार आहोत.

आमचा प्रश्न साधा आहे. शाळेतील एखाद्या कर्मचाऱ्याने शाळेच्या कामातच गुन्हा केला, तो फौजदारी न्यायालयात सिद्ध झाला, त्याला शिक्षाही झाली. मग त्या माणसाला नोकरीतून काढण्यासाठी संस्थेने वर्षानुवर्षे वकिलांवर, चौकशीवर, पेशीच्या तारखांवर जो पैसा घातला, तो कोणी सोसायचा? आज तो पालकांच्या फीमधून आणि देणगीदारांच्या देणगीमधून जातो. आमच्या मते तो दोषी ठरलेल्या माणसाकडून वसूल झाला पाहिजे. मात्र या वसुलीला स्पष्ट मर्यादा हव्यात. त्या नसतील तर चोराऐवजी संन्याशालाच फाशी व्हायची.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत ज्याला 'बर्खास्त' म्हणतात त्याला मराठीत 'बडतर्फ' म्हणतात. दोन्ही शब्द उच्चारायला सोपे आहेत. कागदावर उतरवायला मात्र फार अवघड.

सरकारी नोकराबाबत राज्यघटनेच्या ३११ व्या कलमात सोय आहे. एरवी चौकशी केल्याशिवाय त्याला बडतर्फ करता येत नाही. पण ज्या वर्तनाबद्दल त्याला फौजदारी शिक्षा झाली, त्याच वर्तनासाठी बडतर्फ करायचे असेल तर वेगळी चौकशी लागत नाही. शिवाय अपील चालू आहे म्हणून थांबण्याचीही गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली तामिळनाडूच्या शिक्षण विभागातील एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सांगितले. खाजगी संस्थेच्या शाळेला मात्र ३११ वे कलम लागू नाही. तिला आपापल्या राज्याच्या नियमांनी चालावे लागते. आणि फौजदारी खटल्याचा निकाल येईपर्यंत थांबायचे म्हटले, तर तोपर्यंत पहिलीतले मूल दहावीला पोहोचते. म्हणून संस्थेला आधी स्वतःची चौकशी करावी लागते.

राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. महाराष्ट्राचा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांविषयीचा १९७७ चा कायदा आणि त्याखालील १९८१ चे नियम यांत ही सारी वाट तपशिलाने लिहिलेली आहे, म्हणून नमुन्यादाखल तोच घेऊ. तेथे चौकशी समिती तीन जणांची असते: एक व्यवस्थापनाचा, एक कर्मचाऱ्याने सुचवलेला आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. चौकशी १२० दिवसांत पुरी व्हावी असे नियम म्हणतो. तोपर्यंत कर्मचारी निलंबित असेल तर त्याला निर्वाह भत्ता द्यावा लागतो: पहिले चार महिने अर्धा पगार, आणि पुढे त्यात वाढ होऊन तो पाऊण पगारापर्यंत जाऊ शकतो. अनुदानित शाळेतही निलंबनाला पूर्वमान्यता घेतली असेल तर शासनाकडून हा भत्ता पहिले चार महिनेच मिळतो. त्यानंतर तो व्यवस्थापनाने आपल्या पदरचा द्यायचा. पूर्वमान्यता घेतली नसेल तर पहिल्या दिवसापासून. बडतर्फीनंतर कर्मचारी ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतो, त्यापुढे उच्च न्यायालय आहेच.

आता थोडा हिशेब करू. हिशेब कल्पित आहे, पण शाळेत काम केलेल्या कोणालाही तो खोटा वाटणार नाही. समजा पगार महिना ४०,००० रुपये आहे आणि प्रकरण तीन वर्षे रेंगाळले. पहिल्या चार महिन्यांचे ८०,००० आणि उरलेल्या ३२ महिन्यांचे पाऊण पगाराने ९,६०,०००, असे १०,४०,००० रुपये एकही तास न शिकवता गेले. ज्या शाळेची फी महिना १,५०० रुपये आहे, तेथे ही ५८ मुलांची वर्षभराची फी झाली. वकिलांची बिले यात धरलेली नाहीत.

आमच्या ओळखीच्या एका संस्थेत (गाव आणि नाव सांगण्याचे कारण नाही) फीच्या पावत्यांची दोन पुस्तके ठेवणारा एक लिपिक सापडला. एका पुस्तकातली फी बँकेत जाई, दुसऱ्यातली त्याच्या खिशात. चौकशी झाली, तो बडतर्फ झाला, त्याने दाद मागितली, प्रकरण वर गेले. शेजारच्या न्यायालयात फौजदारी खटलाही चालू होता. शेवटी तो दोषी ठरला, शिक्षा झाली. तोपर्यंत त्याने पळवलेल्या रकमेइतकीच रक्कम वकिलांना देऊन झाली होती. प्रयोगशाळेच्या छपरासाठी जमवलेला पैसा तिकडे वळला आणि तीन पावसाळे मुलांनी बादल्या ठेवून प्रयोग केले. त्या मुलांचा या प्रकरणात काय दोष होता?

पण पैशाचे नुकसान हा या प्रश्नाचा लहान भाग आहे. खरे नुकसान त्यापुढे होते. हे सगळे पाहिलेली दुसरी संस्था पुढच्या वेळी काय करते? कोर्टाची पायरी शहाण्याने चढू नये, असे कोणीतरी ज्येष्ठ सभासद म्हणतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे दुसरे म्हणतात. मग त्या कर्मचाऱ्याला बोलावून सांगितले जाते की राजीनामा द्या, आम्ही पुढे काही करणार नाही. वर एक अनुभवाचा दाखलाही दिला जातो: 'वर्तणूक समाधानकारक'. तो माणूस सहा महिन्यांत दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या शाळेत रुजू होतो. आपले संकट टळले. पण ते दुसऱ्याच्या दारात, दुसऱ्याच्या मुलांपाशी जाऊन बसले. बडतर्फी जितकी महाग, तितका असा दाखला देण्याचा मोह मोठा. म्हणून आम्ही खर्चाचा प्रश्न मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न मानतो.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत सार्वजनिक शाळा 'स्कूल डिस्ट्रिक्ट' नावाची स्थानिक मंडळे चालवतात. लॉस एंजेलिसच्या मंडळाच्या मिरामॉन्टे प्राथमिक शाळेतील एका शिक्षकावर २०११ साली मुलांशी अत्यंत किळसवाण्या वर्तनाबद्दल बडतर्फीची कारवाई सुरू झाली. त्याने तिला आव्हान दिले. प्रक्रिया लांबलचक आणि खर्चिक होती, म्हणून मंडळाने त्याला ४०,००० डॉलर देऊन आव्हान मागे घ्यायला लावले आणि त्याने राजीनामा दिला. जानेवारी २०१२ मध्ये त्याला अटक झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. पीडित मुलांच्या नुकसानभरपाईपोटी मंडळाला २०१४ मध्ये सुमारे १३ कोटी ९० लाख डॉलर मान्य करावे लागले, आणि त्याआधीही सुमारे तीन कोटी डॉलर दिले गेले होते. गुन्हेगाराला वर पैसे देऊन निरोप द्यावा लागला, ही गोष्ट तेथील पालकांच्या मनाला फार लागली.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात कायम शिक्षकाच्या बडतर्फीविरुद्धच्या सुनावणीत कर्मचारी जिंकला तर त्याच्या वकिलाचा खर्चही मंडळ देते. तो हरला तर मात्र ज्याचा त्याने आपला खर्च सोसायचा. म्हणजे मंडळ जिंकले तरी वकिलाचे पैसे गेलेच. २०१४ मध्ये तेथे कायदा सुधारून सुनावणी सात महिन्यांत पुरी करण्याची मुदत घातली आणि मुलांशी गैरवर्तनासारख्या गंभीर प्रकारांसाठी वेगळी, जलद पद्धत आणली. डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्याने तर मुलांशी लैंगिक गैरवर्तन केल्याचे माहीत असलेल्या कर्मचाऱ्याला दुसरी नोकरी मिळवण्यास मदत करण्यावर बंदी आणण्याची अट राज्यांवर घातली. खोटा दाखला देऊन संकट पुढे सरकवण्याची रीत तेथेही होती, हे यावरून कळते.

आपल्याकडे मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांबाबत २०१२ चा पॉक्सो कायदा अगदी स्पष्ट आहे. असा गुन्हा कळूनही पोलिसांना कळवले नाही तर शिक्षा आहे, आणि आपल्या हाताखालील माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. येथे 'राजीनामा घ्या आणि विषय मिटवा' हा मार्ग मुळातच बंद आहे. पण पैशांची अफरातफर, खोटी प्रमाणपत्रे, परीक्षेतील गैरव्यवहार, मारहाण या बाबतींत तो मार्ग अजून सर्रास वापरला जातो.

कोणी म्हणेल, खर्च वसूल करणे ही नवीच कल्पना काढलीत. तसे नाही. तत्त्व आपल्या कायद्यात आधीपासून आहे. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात तरतूद होती की कर्मचाऱ्याने मालकाच्या मालमत्तेचे नुकसान केल्यामुळे त्याला काढले, तर नुकसानीइतकी ग्रॅच्युइटी रोखता येते. आणि नोकरीत असताना नैतिक अधःपतनाचा गुन्हा केल्यामुळे काढले, तर ती पूर्ण किंवा अंशतः जप्त करता येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद राहिली आहे. शिक्षकांना ग्रॅच्युइटी २००९ च्या दुरुस्तीने, ३ एप्रिल १९९७ पासून मिळाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती दुरुस्ती वैध ठरवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने महाराष्ट्र एसटीच्या तिकिटाचे पैसे खाणाऱ्या वाहकांच्या प्रकरणात ग्रॅच्युइटीची जप्ती मान्य केली, पण ती २५ टक्क्यांपुरती ठेवली. अपराध्याने भार उचलावा, पण किती हे मोजून ठरवावे, असा हा विचार आहे. आम्हाला तो योग्य वाटतो.

फौजदारी कायद्यातही बीज आहे. न्यायालयाने दंड केला तर त्या दंडातून खटल्याचा योग्य खर्च भागवण्याचा किंवा गुन्ह्यामुळे ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३५७ व्या कलमात होते, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९५ व्या कलमात आहे. अडचण अशी की संस्था ते मागतच नाहीत. दिवाणी बाजूला तर आनंदच आहे. खोटा दावा लावून छळणाऱ्याकडून साध्या दिवाणी दाव्यात मिळू शकणाऱ्या भरपाईची मर्यादा ३,००० रुपये आहे. तेवढ्यात आज फाइलींच्या झेरॉक्सही होणार नाहीत. बहुतेक निकालांच्या शेवटी 'खर्चाबाबत आदेश नाही' असे एक वाक्य असते, आणि त्या एका वाक्याने जिंकलेला पक्षही हरतो.

आता मर्यादांकडे येऊ. त्यांच्याविना आम्ही या नियमाची बाजू घेणार नाही.

पहिली मर्यादा: निर्वाह भत्ता परत मागू नये. वरच्या हिशेबातली मोठी रक्कम तीच असली तरी मागू नये. निलंबित माणूस निकाल लागेपर्यंत दोषी नसतो, आणि त्याच्या घरात चूल पेटायची असते. पूर्वी महाराष्ट्रात असा नियम होता की खालच्या न्यायालयात दोषी ठरलेल्या निलंबित सरकारी नोकराला, अपील चालू असताना, महिना एक रुपया भत्ता द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये तो रद्द केला. ज्याला खायला नाही तो स्वतःचा बचाव कसा करील? या खर्चावर खरा उपाय वेग हाच आहे. १२० दिवसांची चौकशी १२० दिवसांतच संपली, तर दहा लाखांचा आकडा लाखाच्या आसपास येतो. चौकशी रेंगाळते ती बऱ्याचदा व्यवस्थापनाच्याच ढिलाईमुळे. त्या ढिलाईचे बिल कोणा कर्मचाऱ्याच्या नावावर फाडता येणार नाही.

दुसरी मर्यादा: वसुली फक्त फौजदारी दोषसिद्धीनंतर, आणि अपिलाचा निकाल लागून ती कायम झाल्यावरच. बडतर्फी त्यासाठी थांबू नये, वसुली थांबावी. खात्याच्या चौकशीत पारडे कुठे झुकते एवढे पाहिले जाते; फौजदारी न्यायालयात शंकेला जागा उरता कामा नये. नुसत्या चौकशी समितीच्या अहवालावर वसुली करू दिली, तर मतभेद झालेल्या प्रत्येक शिक्षकापुढे व्यवस्थापन बिलाची धमकी ठेवील. 'दाद मागाल तर खर्च तुमच्यावर' हे वाक्य ऐकून निरपराध शिक्षकही गप्प बसेल. खाजगी संस्थांत मनमानी होत नाही असे आम्ही म्हणणार नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका शिक्षिकेला अन्यायाने काढल्याबद्दल संपूर्ण थकीत वेतन परत मिळवून दिले, आणि अन्याय्य बडतर्फीत तोच सामान्य नियम असल्याचे सांगितले. ते प्रकरणही एका शिक्षणसंस्थेतलेच होते.

तिसरी मर्यादा: न्याय दोन्ही बाजूंना सारखा. दोषी ठरलेल्याने संस्थेचा खर्च द्यायचा असेल, तर ज्याची बडतर्फी चुकीची ठरली त्याच्या वकिलाचा खर्च संस्थेने विनातक्रार द्यावा. व्यवस्थापनाला हे मान्य नसेल, तर पहिली मागणी करण्याचा हक्कही त्याला नाही.

चौथी मर्यादा: हात कुठवर पोहोचू द्यायचा हे ठरलेले असावे. भविष्य निर्वाह निधीवर कायद्यानेच जप्ती येत नाही. कुटुंबाच्या पेन्शनलाही हात लागू नये. वसूल करायचा तो प्रत्यक्ष झालेला, पावत्यांनी सिद्ध होणारा वकिलाचा आणि चौकशीचा खर्च. त्यालाही कमाल मर्यादा असावी आणि हप्ते असावेत. संस्थेने बड्या शहरातला महागडा वकील हौसेने केला, तर ती हौस संस्थेची. बायकामुलांनी गुन्हा केलेला नसतो, आणि त्यांतली काही मुले कदाचित आपल्याच शाळेत शिकत असतात.

इतक्या मर्यादा घातल्यावर हाती येणार काय, असे कोणी विचारील. तुरुंगातून सुटलेल्या माणसाजवळ पैसा नसतो हे खरे. सगळीच रक्कम परत येईल अशी आमची कल्पना नाही. पण आज उगाच तारखा वाढवत राहण्यात दोषी माणसाचे काहीच जात नाही; जाते ते फक्त शाळेचे. तो तारखा वाढवतो, संस्था थकते, आणि थकली की तडजोड करते. शेवटी हिशेब आपल्या दारी येणार हे त्याला ठाऊक असेल, तर खोटे लढण्यापूर्वी तो दोनदा विचार करील. आणि ज्या विश्वस्तांना 'पैसा उगाच जाईल' या भीतीने राजीनाम्याचा सोपा मार्ग दिसतो, त्यांची एक सबब तरी कमी होईल.

कायदा बदलणे आपल्या हाती नाही. तरी मराठी समाजाच्या संस्थांनी, मग त्या इंदूरच्या असोत, ग्वाल्हेरच्या असोत की बडोद्याच्या, चार गोष्टी आजच कराव्यात असे आम्ही सुचवतो. नेमणूकपत्रात वरच्या मर्यादांसह खर्चाची अट, वकिलाच्या सल्ल्याने, दोन्ही बाजूंना लागू होईल अशी लिहावी. फौजदारी खटल्यात सरकारी वकिलांकडे संस्थेच्या खर्चाची पावत्यांसह यादी वेळेवर द्यावी आणि दंडातून भरपाई मागावी. दर वर्षीच्या अंदाजपत्रकात लहानसा का होईना, कायदेशीर निधी बाजूला ठेवावा, म्हणजे छपराच्या पैशाला हात लावावा लागणार नाही. आणि चौकशी चालू असताना राजीनामा स्वीकारू नये. दाखला द्यायचाच झाला तर जे खरे तेवढेच लिहावे.

यातली चौथी गोष्ट करायला एक पैसाही लागत नाही. 'वर्तणूक समाधानकारक' हे दोन शब्द खोटे लिहिले, तर त्यांची किंमत कोणत्या गावचे कोणते मूल मोजणार आहे हे लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही. पुढच्या सभेत हा विषय कार्यपत्रिकेवर यावा, पालक प्रतिनिधींनी आणि शिक्षकांनीही त्यावर मोकळेपणी बोलावे, अशी आमची विनंती आहे. विशेषतः शिक्षकांनी. या नियमाची खरी कसोटी ही की प्रामाणिक शिक्षकाला तो वाचून भीती वाटू नये. कोणाला वाटत असेल, तर कोणत्या शब्दामुळे वाटते ते त्यांनी सांगावे. तो शब्द आपण बदलू.